संगणक आणि मॉनिटर यांची जोडणी: ॲनालॉग, डिजिटल आणि मधला दुभाष्या



आजचा विषय दिसायला अगदी साधा आहे. संगणक आहे, मॉनिटर आहे, दोन्ही चालू स्थितीत आहेत. फक्त मागची भोकं जुळत नाहीत. मग काय करायचं?

शहरात हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. एक केबल नाही चालली तर खाली उतरून दुसरी आणायची. आपल्या शिरपामाळच्या परिसरात, म्हणजे जव्हार-मोखाडा भागात, तसं होत नाही. साधी केबल तालुक्याच्या गावी मिळून जाते. नेमका हवा तो कन्व्हर्टर मात्र पुष्कळदा त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकहून किंवा विक्रमगडमार्गे पालघरहून आणावा लागतो, नाहीतर ऑनलाइन मागवून वाट बघावी लागते. चुकीची वस्तू आली की वस्तूचे पैसे गेले, एसटीचं भाडं गेलं, दिवस गेला. आणि पुढे काय होतं? कोणीतरी म्हणतं, "मॉनिटरच बिघडलाय." चांगला मॉनिटर कपाटाच्या मागे जातो आणि वर्गातलं एक टेबल रिकामं राहतं. एका टेबलाशी दोन-तीन मुलं बसतात हे धरलं, तर नुकसान केवढं ते लक्षात येईल.

म्हणून आज आपल्याला एकच गोष्ट पक्की करायची आहे. केबल घेण्याआधी तिच्या टोकाचा आकार बघून भागत नाही. आत कोणती भाषा बोलली जाते आणि बोलणं कुठून कुठे जातं, या दोन गोष्टी बघायच्या. बाकी सगळं यातून निघतं.

ही सरमिसळ झाली कशी?

शाळा असो, ग्रामपंचायत असो की आपले सरकार सेवा केंद्र, आपल्याकडे सगळं सामान एकदम येत नाही. मॉनिटर एका वर्षी येतो, सीपीयूचा डबा पाच वर्षांनी बदलतो, प्रोजेक्टर कोणीतरी देणगी देतं. एमएस-सीआयटीचे वर्ग महाराष्ट्रात २००१ पासून सुरू झाले. त्या काळात संगणक शिकलेल्या प्रत्येकाने मॉनिटरची एकच केबल पाहिलेली आहे: निळं टोक, तीन ओळींत पंधरा पिना, दोन्ही बाजूंना फिरवायचे स्क्रू. ती व्हीजीए.

व्हीजीए आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये आणलं. तेव्हाचा मॉनिटर म्हणजे काचेच्या नळीचा डबा. त्यानंतर १९९९ मध्ये डीव्हीआय आलं, २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआयचा पहिला आराखडा आला, २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट आणि २०१४ मध्ये यूएसबी-सी. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं की पुढच्या काही वर्षांत व्हीजीए हळूहळू बंद करायचं. त्यामुळे आज नव्या संगणकावर, विशेषतः लॅपटॉपवर, व्हीजीए असेलच असं नाही. जुने मॉनिटर आणि प्रोजेक्टर मात्र ठणठणीत आहेत. आपली अडचण या दोन पिढ्यांच्या मधली आहे.

दोन भाषा

आता मूळ फरक समजून घेऊ.

व्हीजीए ही ॲनालॉग भाषा. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या तीन तारा असतात. प्रत्येक तारेवर शून्य ते ०.७ व्होल्ट एवढा दाब खाली-वर होत असतो. दाब जास्त तर तो रंग उजळ, कमी तर मंद. जोडीला आणखी दोन तारा असतात. एक सांगते "नवी ओळ सुरू करा", दुसरी सांगते "नवं चित्र सुरू करा". काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत याच हुकमाने डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरायचा. त्या नळीला आकडे समजायची गरजच नव्हती.

डीव्हीआय आणि एचडीएमआय या डिजिटल भाषा. इथे प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यात जातो, म्हणजे शून्य आणि एकच्या माळेत. डिस्प्लेपोर्टही डिजिटलच, पण त्याची बोलायची पद्धत वेगळी. तिथे माहितीचे छोटे छोटे गठ्ठे बांधून पाठवतात.

आता गंमत बघा. आपला सपाट एलसीडी मॉनिटर आतून डिजिटल आहे आणि संगणकही डिजिटल. पण मध्ये व्हीजीए केबल असेल, तर संगणक आकड्यांचे व्होल्ट करतो आणि मॉनिटर त्या व्होल्टचे परत आकडे करतो. १९२० बाय १०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं, तर एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम ६.७ नॅनोसेकंद येतात. नेमक्या त्या क्षणी व्होल्ट मोजला गेला नाही, तर अक्षरांच्या कडा पुसट होतात किंवा चित्र बाजूला सरकतं. मॉनिटरवर 'ऑटो' नावाचं बटण असतं ते यासाठीच. पांढऱ्या पानावर भरपूर मजकूर उघडा, मग ते बटण दाबा. मोजण्याची वेळ मॉनिटर स्वतः जुळवून घेतो. पुष्कळ 'खराब' मॉनिटर या एका बटणाने सुधारतात.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. ॲनालॉग हळूहळू बिघडतं: केबल लांब झाली की अक्षरांना सावली येते, पण चित्र दिसत राहतं. डिजिटल चालतं तोवर स्वच्छ चालतं, आणि बिघडलं की ठिपके चमकतात किंवा पडदा सरळ काळा होतो. म्हणून प्रोजेक्टरला फार लांब, स्वस्त एचडीएमआय केबल लावली आणि काहीच आलं नाही, तर आधी लहान केबल लावून बघा.

दुभाष्या कधी लागतो?

आपल्याकडे वारली, कोकणा, कातकरी अशा बोली बोलल्या जातात. जवळच्या बोली असतील तर दोन माणसं आपापल्या बोलीत बोलूनही एकमेकांना समजून घेतात. भाषा फारच वेगळी असेल तर मध्ये दोन्ही जाणणारा माणूस लागतो. केबलचंही तसंच आहे.

एचडीएमआय आणि डीव्हीआय: चित्रापुरत्या या एकाच भाषेच्या दोन बोली आहेत. मध्ये चिप लागत नाही. साधी केबल किंवा साधा जोड पुरतो, आणि दोन्ही दिशांना चालतो. मात्र डीव्हीआय मॉनिटरवर आवाजाची अपेक्षा ठेवू नका. स्पीकर संगणकालाच लावा.

एचडीएमआयकडून व्हीजीएकडे: इथे भाषा बदलते, म्हणून दुभाष्या हवाच. म्हणजे आत चिप असलेला कन्व्हर्टर, जो आकड्यांचे व्होल्ट करतो. बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी नुसती तारांची केबलही मिळते. आत चिप नसेल तर ती केबल आपल्या कामाची नाही. कन्व्हर्टरला वीज बहुतेक वेळा एचडीएमआयच्या भोकातूनच मिळते. तिथे ५ व्होल्टची एक पिन असते, पण तिच्यावर ५५ मिलिअँपिअर करंटचीच हमी आहे. काही कन्व्हर्टरना तेवढा पुरत नाही. चित्र येतं-जातं असं झालं तर यूएसबीने वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर घ्या. आवाज हवा असेल तर बाजूला हेडफोनचं भोक असलेला बघून घ्या, कारण व्हीजीए आवाज नेत नाही.

व्हीजीएकडून एचडीएमआयकडे: म्हणजे संगणक जुना आणि टीव्ही किंवा मॉनिटर नवा. हा कन्व्हर्टर वेगळा. मघाचा उलटा लावून चालत नाही, कारण आतला दुभाष्या एकाच बाजूने भाषांतर करतो. हा सहसा यूएसबीमधून वीज घेतो आणि आवाजासाठी संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर लागते. दुकानदाराला सांगताना नेहमी "संगणकाला हे आहे, मॉनिटरला ते आहे" असं सांगा. नुसतं "व्हीजीए-एचडीएमआय द्या" म्हटलं की दोनांतलं कुठलं हातात पडेल याचा नेम नाही.

डिस्प्लेपोर्ट: संगणकाच्या डिस्प्लेपोर्टजवळ 'डी', 'पी' आणि दोन अधिकची चिन्हं अशी खूण दिसली, तर तो पोर्ट स्वतःच एचडीएमआयची बोली बोलू शकतो. साधा, स्वस्त जोड पुरतो. पण संगणक एचडीएमआयचा आणि मॉनिटर फक्त डिस्प्लेपोर्टचा असेल, तर तो साधा जोड चालणार नाही. तिथे चिपवाला कन्व्हर्टर लागतो. डिस्प्लेपोर्टकडून व्हीजीएकडे जायलाही चिप लागतेच.

यूएसबी-सी: भोक तेच असलं तरी सगळ्या भोकांतून चित्र बाहेर पडत नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. भोकाजवळ डिस्प्लेपोर्टची किंवा विजेच्या बाणासारखी थंडरबोल्टची खूण असेल तर चित्र मिळेल. खूण नसेल तर मॉडेलची माहिती वाचल्याशिवाय केबल घेऊ नका.

डीव्हीआयचं भोक वाचायला शिका

सगळ्यांत जास्त फसवणारं भोक डीव्हीआयचं. पांढरं, रुंद. त्याच्या एका बाजूला एक आडवी चपटी फट असते. त्या फटीच्या वर दोन आणि खाली दोन अशी चार बारीक छिद्रं आहेत का, ते बघा.

चार छिद्रं असतील तर तिथे ॲनालॉग संकेताची सोय आहे. भोक डीव्हीआय-आय प्रकारचं असेल तर त्यात दोन्ही भाषा असतात, आणि संगणकाकडे ते असेल तर साध्या जोडाने व्हीजीए मॉनिटर चालतो. चिप नको, वीज नको. फटीभोवती छिद्रं नसतील तर ते डीव्हीआय-डी, म्हणजे फक्त डिजिटल. तिथून व्हीजीए हवं असेल तर चिपवालाच कन्व्हर्टर पाहिजे. दुकानात यालाच '२४ अधिक ५' आणि '२४ अधिक १' म्हणतात. पाचवाला जोड एकच्या भोकात बसत नाही. बसत नाही म्हणून पिना मोडून बसवणारे लोक असतात. तसं करून पिन गेली, चित्र काही आलं नाही, कारण पलीकडे ॲनालॉग बोलणारं कोणी नाहीच.

आधी ओळख, मग चित्र

शिरपामाळाची गोष्ट इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर झाला, जव्हारचे राजे विक्रमशाह त्यांना भेटले, आणि शिरपेचाच्या मानावरून माळाला नाव पडलं, असं सांगतात. आधी भेट, ओळख, मानपान, आणि मग पुढची वाटचाल.

संगणक आणि मॉनिटर यांच्यातही आधी अशी भेट होते. मॉनिटरच्या आत १२८ बाइटची एक छोटी ओळखपत्रिका साठवलेली असते, तिला ईडीआयडी म्हणतात. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, कोणकोणत्या मापाचं चित्र दाखवता येतं, हे त्यात लिहिलेलं असतं. संगणक ती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. व्हीजीए केबलमध्ये हे वाचन १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून होतं. स्वस्त केबलमध्ये या तारा नसल्या किंवा पिन वाकली, तर चित्र येतं पण माप चुकतं. चौकोनी मॉनिटरवर माणसं जाडी किंवा बारीक दिसू लागतात.

अशा वेळी मॉनिटरचं मूळ माप हाताने निवडा. १७ आणि १९ इंची चौकोनी एलसीडीचं माप बहुतेक १२८० बाय १०२४ असतं, १५ इंचीचं १०२४ बाय ७६८, आणि साडेअठरा इंची रुंद मॉनिटरचं १३६६ बाय ७६८. वेग ६० हर्ट्झ ठेवा. आणि एक सांगून ठेवतो: व्हीजीए केबलमध्ये ९ क्रमांकाची पिन पुष्कळदा मुळातच नसते. एक पिन कमी दिसली म्हणून केबल टाकून देऊ नका.

पडदा काय सांगतो ते वाचा

मॉनिटर काळा आहे एवढं सांगून भागत नाही. तो काय लिहितो ते बघा.

'नो सिग्नल' आलं तर मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत काही पोचत नाहीये. आधी मॉनिटरवरचं 'इनपुट' किंवा 'सोर्स' बटण दाबून बरोबर भोक निवडलंय का ते पाहा. मग सीपीयूच्या मागे बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर चित्र बहुधा त्या कार्डावरच्या भोकातून निघतं. मदरबोर्डवरचं व्हीजीए अशा वेळी पुष्कळदा बंद असतं. जुनी निळी केबल सवयीने त्याच भोकात लावली जाते आणि दोष मॉनिटरवर येतो. लॅपटॉप किंवा प्रोजेक्टर असेल तर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा.

'आउट ऑफ रेंज' आलं तर केबल, पोर्ट, कन्व्हर्टर सगळं ठीक आहे. संगणक मॉनिटरच्या ताकदीपेक्षा मोठं चित्र पाठवतोय. दुसरा मॉनिटर लावून किंवा सेफ मोडमध्ये जाऊन माप कमी करा. हा संदेश वाचून मॉनिटर भंगारात देणं म्हणजे चालता बैल विकण्यासारखं आहे.

सगळं चित्र पिवळं, गुलाबी किंवा निळसर दिसत असेल तर तीन रंगांपैकी एका रंगाची तार तुटली आहे किंवा पिन नीट टेकत नाही. केबल बदलून बघा. इथला पावसाळा तुम्हांला सांगायला नको. ओलीने पिनांवर हिरवट थर चढतो. वीज बंद करून, केबल काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

आणि अर्थिंग. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर संगणक आणि मॉनिटर असले की केबलच्या धातूच्या टोकाला हात लावल्यावर मुंग्या येतात. हे हसण्यावारी नेऊ नका. पोर्टही जाऊ शकतो आणि माणसाला झटकाही बसू शकतो. दोन्ही बंद करून मगच केबल लावायची ही सवय मुलांना पहिल्या दिवशीच लावा.

प्रश्नोत्तरांतून

एक प्रश्न आला की घरच्या जुन्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकं आहेत, तो मॉनिटर म्हणून वापरता येईल का? कन्व्हर्टर मिळतो आणि चित्रही येतं. पण आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राच्या ओळी ५७६ च, त्याही अर्ध्या-अर्ध्या करून येतात, आणि पिवळ्या एका तारेत सगळे रंग कोंबलेले असतात. सिनेमा दिसेल. मराठीतले काना-मात्रा वाचता येणार नाहीत. अभ्यासाला तो नको.

दुसरा प्रश्न: काचेच्या नळीचे जुने मॉनिटर ठेवावेत का? चालत असेल आणि जागा असेल तर १०२४ बाय ७६८ वर लावून वापरा. बिघडला तर मात्र उघडू नका. बंद केल्यावरही आत धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो. त्याच्या काचेत शिसं असतं, म्हणून उकिरड्यावर फोडूही नका. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशी वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवी.

तिसरा प्रश्न: कन्व्हर्टर घ्यावा की नवा मॉनिटर? मॉनिटर स्वच्छ दिसत असेल तर कन्व्हर्टर. काही शे रुपयांत काम होतं. मॉनिटरच मंद झाला असेल, पट्टे पडत असतील, तर त्यावर कन्व्हर्टरचे पैसे घालू नका.

जाताना लिहून घ्या

खरेदीला निघण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहा. संगणकाला कोणतं भोक आहे. मॉनिटरला कोणतं आहे. दोन्ही एका भाषेचे आहेत की दुभाष्या लागणार. बोलणं कुठून कुठे जाणार. आवाज आणि वेगळी वीज लागणार का. शिवाय दोन्ही भोकांचे मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानदाराला दाखवा. डीव्हीआय असेल तर फट आणि तिच्याभोवतीची छिद्रं फोटोत नीट दिसली पाहिजेत.

एवढं केलंत तर नाशिकची खेप एकदाच होईल, आणि कपाटामागे ठेवलेले निदान काही मॉनिटर परत टेबलावर येतील. या आठवड्यात आपल्या शाळेतले बंद म्हणून ठेवलेले मॉनिटर एकदा चालू असलेल्या संगणकाला लावून बघा. पडदा काय लिहितो ते टिपून ठेवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.